पाणी सोडणारी सरपंच

बेलखेडी, ता. वसमत
३ मार्च

चि. शिवहार यास,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, हे मला आपल्या उपसरपंच परमेश्वरनं समजावून सांगितलं. तोवर मी समजत होतो, चाकणला रेंज नसते. असो. पोस्टमनला अजून कुणी ब्लॉक करू शकलेलं नाही, म्हणून हे पत्र.

जाताना तू अंगणात उभा राहून ओरडलास, "मला बायको पायजे, तुमाला शिक्का पायजे. घ्या मग, ठुवा तुमचा शिक्का!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी काय पाप केलं होतं? सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं. तुझ्या आईला सही येत नाही. तुझी रागिणी बारावी शिकलेली. मी दोन टर्म सरपंच राहिलेला माणूस, घरातली खुर्ची शेजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवू का? पाच वर्षं तिनं मी सांगेन तिथं सही करायची, मग तू तिला आणि पोरीला, आरोहीला, चाकणला ने नाहीतर काश्मीरला ने. एवढा साधा हिशेब तुला कळला नाही. तो तिलाही कळलेला नाही, आणि त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

नळाला पाणी सोडणारा वसराम टाकीच्या शिडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. आता अशा वेळी कारभार कसा चालतो, हे तुला मी सांगायला नको. मिटिंग बोलवायची, ठराव घ्यायचा, माणूस शोधायचा. तोवर लोक बोंबलतात. बोंबलू द्यायचं. मग एक दिवस आपण टँकर आणतो आणि लोक हात जोडतात. मी दोन टर्म अशाच काढल्या आणि माझ्याविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही.

तुझ्या बायकोनं मिटिंग घेतली नाही. पहाटे पदर खोचला, वसरामच्या घरून ती कमरेएवढी लोखंडी चावी उचलून आणली आणि रस्त्यातल्या चेंबरची झाकणं उघडून स्वतः पाण्याचे वाल फिरवायला लागली. गावची सरपंच! गुडघ्यावर बसून! तुझ्या आईला म्हटलं, सुनेला आवर. ती म्हणाली, "आवं, पाणी सुटलं की न्हाई? मंग झालं." हिला काय सांगणार, गाढवाला गुळाची चव काय?

सेवा हा शब्द निवडणुकीत बोलायचा असतो, शिवहार. बॅनरवर तो मीच छापून घेतला होता. ही पोरगी तो खरा धरून बसली आहे. तू तिला फोन करून समज दे. तिचा नंबर तरी तू ब्लॉक केला नसशील.

तुझा बाप,
किसनराव


१९ मार्च

चि. शिवहार,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण तिला तू काही बोललेला दिसत नाहीस, कारण प्रकरण आता हाताबाहेर चाललं आहे.

वाटलं होतं, दोन दिवस हौस करील, कंबर दुखली की गप बसेल. उलट आता तिनं ग्रामपंचायतच नळावर आणली आहे. पहाटे वाल फिरवते आणि मग सरळ वरच्या वस्तीवर जाते. ती मेंढकऱ्यांची वस्ती, पाइपलाइन जिथं संपते तिथं. बाप्ये मेंढरं घेऊन रानोमाळ गेलेले, वस्तीत बाया, म्हातारी माणसं आणि कोकरं. तिथल्या शेवटच्या नळापाशी ही दगडावर बसते. पिशवीत शिक्का, पिशवीत पॅड. कुणाचा दाखला, कुणाचं रेशन, कुणाच्या घरकुलाचा कागद, सगळं तिथंच. मी विचारलं, "सरपंचाचं हापीस सोडून तिथं काहून बसतीस?" तर म्हणते, "मामा, समद्यायचा हंडा भरला का न्हाई, ते शेवटच्या नळावरच दिसतं. हापिसातून न्हाई दिसत."

तोंड वर करून बोलते. तू असतास तर बोलली असती का?

मागच्या आठवड्यात तालुक्याचे साहेब आले. मी परमेश्वरला आधीच सांगून ठेवलं होतं. उपसरपंच असला तरी तो आपला माणूस, चारचौघांत खुर्चीवर शोभतो. त्यानं इस्त्रीचे कपडे घातले, भजी सांगितली, हार आणला. साहेबांनी विचारलं, सरपंच कुठं आहेत? मी म्हटलं, येतीलच. साहेब म्हणाले, आपणच जाऊ. आणि गेले की वस्तीवर! तिथं तुझी बायको चेंबरमध्ये कोपरापर्यंत चिखलात. तिनं पदरालाच हात पुसून नमस्कार केला. अर्ध्या तासात साहेबांनी गावाची सगळी कामं तिथं दगडावर बसून ऐकली, दोन फोन लावले आणि चहासुद्धा रूपाबाईच्या घरचा घेतला. रूपाबाई म्हणजे त्या वस्तीतली ती फटकळ म्हातारी, मला बघून कधी उठून उभी न राहणारी. इकडे परमेश्वर एकटा भजी खात बसला. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. परवा जेवताना तिनं मला वाढलं आणि वाढता वाढता विचारलं, "मामा, आपल्या घरची लाईन पैल्या वालच्या वरून काहून हाय?"

मी म्हटलं, ती पहिल्यापासून आहे.

"म्हंजी समदे वाल बंद असले तरी आपल्याला पानी येतं."

मी म्हटलं, येतं. सरपंचाच्या घराला येणार नाही तर कुणाला येईल? माणसं येतात-जातात, चहापाणी लागतं. गाव चालवणाऱ्याच्या घरात पाणी नसलं तर गावाची शोभा जाते.

तुझी आई पदर तोंडाला लावून हसली. मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

तुझा बाप (तू मान वा न मान),
किसनराव


८ एप्रिल

शिवहार,

आता मायना-बियना काही नाही. तुझ्या बायकोनं आपली लाईन तोडली.

चोरून तोडली असती तर मी तिला चोर म्हटलं असतं आणि मोकळा झालो असतो. तसंही तिनं करू दिलं नाही. आदल्या संध्याकाळी सांगितलं, "मामा, उद्या आपली लाईन वालच्या खाली घेनार हाय. वस्तीच्या पान्याच्या दिवशी आपल्या रानातल्या आखाड्यावर हळद शिजवायचं पानी चालू असलं की तिथं नळाला धारच येत न्हाई. मी सोता बघितलं."

बघितलं म्हणे. हळद कुणाची शिजत होती? तुझीच ना? तिच्याच नवऱ्याच्या रानातली? आखाडा गावाला लागून, शेतातली विहीर मार्चलाच तळाला गेलेली, घरच्या नळाचं पाणी हळद शिजवायच्या कुकरला लावलं तर त्यात आभाळ कोसळलं का? शंभर घरं तसंच करतील, त्यांना लाईन नाही म्हणून करत नाहीत, एवढंच. मी तिला म्हटलं, हळद निघेपर्यंत थांब. तर म्हणते, "हळद निघंस्तोवर वस्तीनं काय प्यायचं मामा?" हिच्या बोलण्याला उत्तर नसतं असं नाही. पण उत्तर दिलं की पुढचा प्रश्न तयार असतो, म्हणून मी देत नाही.

दुसऱ्या दिवशी लाईन तुटली. कुकर पेटलेला होता, ड्रम भरलेले होते, आणि पाणी बंद. अर्धी हळद आतून कच्ची राहिली. वसमतच्या मोंढ्यात व्यापाऱ्यानं एक हळकुंड मोडून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. किसनरावाची हळद आजवर कुणी मोडून बघितली नव्हती. ते मी कधी विसरणार नाही.

आणि घरच्या पाण्याचं म्हणशील, तर ते ती स्वतः आणते. नंबर लावून. सगळ्या गावासमोर माझी सून डोक्यावर हंडा घेऊन माझ्या दारातून आत येते. लोक मला विचारतात, "अण्णा, तुमचा नळ बिघडला का?" विचारताना त्यांचे डोळे हसत असतात. तिनं आणलेलं पाणी मी पीत नाही. तुझी आई म्हणते, तुम्ही पिता. तिला म्हातारपणी काही बाही दिसतं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मीच हिला निवडून आणलं. गल्लोगल्ली मीच फिरलो. पण मी काही हातावर हात ठेवून बसणारा नाही. तिचा राजीनामा मी माझ्या अक्षरात लिहून ठेवला आहे, "घरगुती कारणास्तव". पुढची बाई निवडेपर्यंत कारभार उपसरपंचाकडे, म्हणजे आपल्या परमेश्वरकडे, आणि सदस्य माझ्याकडे आहेत. नाही सही केली तर अविश्वास ठराव. आणि सही केली तर तुझाच फायदा, कारण तुझी बायको तुला मिळते. तुला तेच पाहिजे होतं ना? बाप वाईट, पण काम तुझंच करतो, हे लक्षात असू दे.

किसनराव


२५ एप्रिल

चि. शिवहार यास आशीर्वाद.

आज आशीर्वाद देतो, कारण आज मन मोठं आहे. तुझ्या बायकोनं सही केली.

मला वाटलं होतं रडेल, तुझ्या आईला पुढे करील, वस्तीतल्या बाया गोळा करील. मी सगळी तयारी ठेवली होती. परमेश्वर ओसरीवर बसवून ठेवला होता, साक्षीला. तिनं कागद वाचला, एकदाच. म्हणाली, "मामा, अक्षर लई छान हाय तुमचं." आणि पेन मागितलं. सही करून कागद माझ्या हातात दिला. खरं सांगतो, मला जरा निराशाच झाली. माणूस लढायच्या तयारीनं उभा राहतो आणि समोरचा बाजूला होतो, तेव्हा तोंडावर पडल्यासारखं होतं.

मग म्हणाली, "चावी उंबऱ्यापाशी ठुली. उद्या वस्तीचा दिवस हाय." आणि आरोहीच्या वेण्या घालायला बसली.

परमेश्वर लगेच वसमतला गेला बॅनर छापायला. "सेवेची संधी" असं लिहून त्याचा फोटो, खाली माझा छोटा फोटो. छोटा कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, जागा नव्हती. आयत्या बिळावर नागोबा! खुर्ची मी रिकामी करून दिली आणि फोटो छोटा माझा. पण आपला माणूस आहे, चालायचंच.

राजीनामा माझ्या खिशात आहे. तो पंचायत समितीत नेऊन दिला की मंजूर. सोमवारी जाईन म्हणतो. तू तिकडे खोली जरा मोठी बघून ठेव. आणि आता तरी घरी फोन कर. तुझी आई रोज फोनकडे बघते. मी बघत नाही.

तुझा अण्णा


२ मे

चि. शिवहार,

सोमवारी वसमतला गेलो नाही. का गेलो नाही ते लिहितो. हसायचं असेल तर हस. इथं सगळ्या गावाचं हसून झालं आहे.

सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी परमेश्वरला उठवायला माणूस पाठवला, वाल फिरवायला. निरोप आला, "मी? वाल? मी काय वसराम हाय का?" वसरामचा पाय अजून प्लास्टरमध्ये. आणि सरपंचबाई चुलीपुढे. मी मुद्दाम खाकरलो. ती भाकरी थापत राहिली. मी म्हटलं, वस्तीचा दिवस आहे. म्हणाली, "व्हय." मी म्हटलं, मग? म्हणाली, "मंग मी आता कोन हाय मामा?"

उजाडता उजाडता वस्तीतल्या बाया हंडे घेऊन दारात आल्या. परमेश्वरच्या दारात नाही, माझ्या. त्याचं घर वाटेत लागतं, तरी माझ्या. रूपाबाई पुढे. म्हणाली, "किसनराव, नवा सरपंच कोन हाय आमाला ठावं न्हाई. पर कागद तुमी लिवला म्हनत्यात. मंग पानी बी तुमीच सोडा."

चारचौघांत मला असं कुणी म्हणावं! मी चावी उचलली. रागानं उचलली, सेवाबिवा काही नाही, लिहून ठेव. पहिला चेंबर सापडला. दुसऱ्यापाशी कळेना, चावी कोणत्या अंगाला फिरवायची. विचारणार कुणाला? मागून सगळ्या बाया येताहेत. मी जोर लावला आणि फिरवत गेलो, दिसेल तो वाल फिरवत गेलो. दोन टर्म मी ज्या पाण्यावर निवडून आलो, त्याचा शेवटचा चेंबर कुठं आहे हेच मला माहीत नव्हतं. तो आरोहीनं दाखवला. ती आईबरोबर रोज जात होती म्हणे.

मी सगळे वाल एकदम उघडले होते. खालच्या गल्लीतले नळ घोड्यासारखे उधळले. परमेश्वरच्या अंगणात तळं झालं, त्यात त्याचा नवा बॅनर पडला. टाकी रिकामी होत आली आणि वस्तीच्या नळातून नुसता फुस्स फुस्स आवाज. बाया हंडे लावून उभ्या. रूपाबाईनं नळाला कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "किसनराव, तुमच्या काळात बी अशीच हवा यायची."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चावी फेकून निघून येणार होतो. शपथेवर सांगतो, चावी उचललीही होती फेकायला. पण त्या बाया हंडे खाली ठेवून नुसत्या बसल्या होत्या. अशा बसलेल्या होत्या की त्यांना बसायची सवय आहे हे दिसत होतं. मला त्यांचा संताप आला. म्हटलं, अरे, भांडा तरी! आणि मग राग कुणावर काढावा ते मला कळेना.

वसरामच्या घरी गेलो. तो खाटेवरून सांगत होता, मी उभ्यानं ऐकत होतो. कोणता आधी बंद, कोणता मग उघडा. मोटर लावून टाकी पुन्हा भरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी पुन्हा सगळे चेंबर फिरलो. गुडघे मोडले. शेवटी वस्तीच्या नळाला धार आली तेव्हा एका बाईनं तोंडावर पाणी मारून घेतलं आणि माझ्या अंगावरही उडालं. माफी वगैरे काही नाही.

नंबर लागले. मी सावलीला बसलो नाही, कारण सावली नाही तिथं. दगड आहे एक. मी त्याच्यावर बसलो. आणि रांगेच्या शेवटी बघतो तर रागिणी. आपला घरचा हंडा घेऊन, रूपाबाईच्या मागे. मी हाक मारली, पुढे ये म्हटलं. तिथं कुणी अडवणार नव्हतं तिला. ती तिथूनच म्हणाली, "राहू द्या मामा, नंबर येईल." तिचा नंबर आला तेव्हा धार बारीक झाली होती. अर्धा हंडा भरला आणि नळ थांबला. तिनं तोच उचलला. मी म्हटलं, अर्ध्यात भागेल का घरात? म्हणाली, "रोज असाच असतो मामा. तुमी भरलेला माठ बघता, हंडा कुटं बघता."

म्हणजे ती रोज दोन खेपा करत होती. आणि ते पाणी मी पीत होतो. हो, पीत होतो.

त्यानंतर मी तिला म्हटलं, चावी घे. तीन वेळा म्हटलं, एकदा तर तुझ्या आईसमोर. ती म्हणते, "राजीनामा दिलाय ना मामा. तो तुमच्या खिशात हाय." टोमणा मारायचा म्हणून म्हणत नाही. तेच मला सहन होत नाही. परमेश्वर माझा फोन उचलत नाही. त्यालाही तुझी विद्या आली. आणि मी, किसनराव, बेलखेडीचा माजी सरपंच, रोज पहाटे लोखंडी चावी खांद्यावर घेऊन निघतो. काल पोस्टमननं मला विचारलं, "अण्णा, पाणी कधी सुटल?" मला! आणि मी सांगितलं त्याला, खालच्या गल्लीचं झालं की. बरोबर सांगितलं.

हे सगळं मला आवडतं असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं, सरपंचानं खुर्चीवर बसावं. फक्त त्या खुर्चीवर बसून मी काय बघत होतो, ते आठवायला बसलं की काही आठवत नाही. पोरीचा मात्र मला राग येतो. कारण ती माझ्यापेक्षा चांगली आहे आणि ते तिला माहीत नाही. माहीत असतं तर भांडता तरी आलं असतं.

राजीनामा या पत्रासोबत ठेवला आहे. सही तिची आहे, बायको तुझी आहे. पंचायत समितीच्या पत्त्यावर पाठवायचा असेल तर पाठव आणि येऊन तिला घेऊन जा. मी आडवा येणार नाही. आरोहीचा शाळेचा दाखलाही काढून देईन. नाहीतर तिथंच फाड. मी स्वतः फाडणार नाही. किसनरावानं आपल्या हातानं लिहिलेला कागद आपल्या हातानं फाडला, असं गावानं म्हणायला नको.

पण जे करायचं ते लवकर कर. माझी कंबर धरली आहे, आणि उद्या वस्तीचा दिवस आहे.

अण्णा